पैठणी : नाव कोणाचे?

मंडळी, लग्नाचा बस्ता बांधायला बसले की बायकांच्या तोंडी पैठणीचे नाव हमखास येते. पण दुकानदार पैठणी म्हणून जे पुढे टाकतो, ते खरोखर पैठणी असते काय?

हे नाव पैठण गावावरून पडले. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पेशवाईत या वस्त्राला मोठा मान होता. नाशिक जिल्ह्यातले येवले हे तिचे दुसरे घर. १८१८ साली पेशवाई बुडाली, पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले, आणि विणकराचे गिऱ्हाईक तुटत गेले.

आता तिची वीण पाहा. पदरावरचे मोर, मुनिया, कमळ हे भरतकाम नव्हे. विणकर प्रत्येक रंगाची निराळी कांडी घेतो आणि बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी उठवतो. म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत. पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. अशा कामाला आठवडे लागतात. पदर भरगच्च असला तर महिनेही जातात. यंत्रमाग तशीच दिसणारी साडी चटकन काढतो, आणि तीही पैठणी म्हणून खपते. विणकराच्या पोटावर पाय येतो तो इथे.

यासाठी दोन कायदे आहेत. १९८५ च्या कायद्याने काही जातीचे कापड हातमागासाठीच राखून ठेवले. दुसरा १९९९ चा, भौगोलिक मानांकनाचा. तो २००३ पासून अमलात आला. त्याखाली २०१० साली पैठणीची नोंद झाली. म्हणजे हे नाव आता कुणीही उचलावे आणि कुठल्याही साडीला लावावे, असे राहिले नाही.

पण यात एक गोम आहे. गावच्या मालाची नोंद झाली म्हणून प्रत्येक विणकराची आपोआप होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. नोंदीची मुदत दहा वर्षांची; ती पुन्हा वाढवून घ्यावी लागते. शिवाय हा कायदा नावाची राखण करतो, मोराची नाही. तोच मोर दुसऱ्या नावाने यंत्रावर निघाला, तर हे मानांकन त्याला अडवीत नाही.

तेव्हा उरलेली राखण गिऱ्हाइकाने करायची. गुरुजी, शाळेत जुनी पैठणी आणता आली तर मुलांना पदराची मागची बाजू जरूर दाखवा. आणि मायबहिणींनो, किंमत विचारण्याआधी पदर उलटा, मग दुकानदाराला विचारा, “ही कुठल्या मागावरची?”