अकोले तालुक्यातील परसबाग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
शेतीचा इतिहास प्रामुख्याने महसूल, कालवे आणि नगदी पिके यांच्या नोंदींवरून लिहिला गेला आहे. घरच्या ताटापुरती पिकणारी भाजी बाजारात जात नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या परसबागेचा या दृष्टीने विचार केला आहे.

विवेचन :
भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांमुळे राहुरी, श्रीरामपूर भागात ऊस वाढला. मात्र अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे अनेक ठिकाणी जमिनी क्षारपड झाल्या. धरणाच्या वरच्या डोंगराळ भागातील शेती पावसावरच राहिली. तेथे उतारावरील माती वाहून जाते. अशा ठिकाणी घराजवळचा तुकडा शेणखत, पालापाचोळा, चुलीची राख आणि सांडपाणी यांवर सुपीक राखला गेला. शेणखताने माती भुसभुशीत होऊन ओल धरते, राखेतून पालाश मिळते, तर वाल-घेवड्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत आणतात. पावसाळ्यात दोडका, कारली, भोपळा. हिवाळ्यात वाल, मेथी, वांगी आणि अखेरीस वेलावर वाळलेल्या निवडक शेंगांचे बियाणे, असे हे वर्षचक्र होते.

राहुरीचे कृषी विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झाले. त्याच काळात संकरित वाणांचा प्रसार झाला. 1972 च्या दुष्काळाची तीव्रता पाहता अधिक उत्पादनाची निकड नाकारता येत नाही. तथापि संकरित पिकाचे बी पुढील पिढीत मूळ गुण टिकवत नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. परिणामी घरोघरी बी राखण्याची गरज कमी झाली आणि स्थानिक वाण मागे पडले.

या पार्श्वभूमीवर कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. शालेय शिक्षण न मिळालेल्या राहीबाईंनी गावरान बियाणे जमवले. बाएफ या संस्थेच्या सहकार्याने घरीच बियाणे बँक उभारली आणि महिलांना परसबागेसाठी प्रवृत्त केले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

समारोप :
या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परसबागेचा भार बहुतांशी स्त्रियांच्या श्रमावर आहे आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, तेथे ती तग धरत नाही. परंतु कागद दप्तरात शतकभर राहतो. बी काही वर्षे पेरले गेले नाही, तर त्याची उगवणशक्ती जाते आणि त्यासोबत ते कधी, कोठे व कसे लावावे हे ज्ञानही लोपते. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून ज्येष्ठ महिलांच्या मौखिक नोंदी घेणे, प्रत्येक वाणाचे स्थानिक नाव, पेरणीचा काळ आणि ते माहेरहून आले की शेजारून, हे लिहून ठेवणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. हे काम आज झाले नाही, तर पुढील अभ्यासकाला त्यासाठी साधनच उरणार नाही.