विक्रमांच्या पट्टीने मन मोजता येत नाही

टेनिसमधला सर्वश्रेष्ठ कोण, या वादाचा निकाल लागला आहे असे आता बहुतेकांना वाटते. ग्रँड स्लॅम एकेरीची विजेतेपदे जोकोविचकडे २४, नदालकडे २२, फेडररकडे २०. जागतिक क्रमवारीत जोकोविच ४२८ आठवडे अव्वल राहिला. समोरासमोरच्या लढतींत तो नदालच्या ३१-२९ आणि फेडररच्या २७-२३ असा पुढे आहे. आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांवरून काढल्या जाणाऱ्या पुढच्या अनुमानाविषयी: ज्याचे विक्रम मोठे त्याचे मन कणखर, आणि जो मागे राहिला तो मनाने कमी पडला. हे अनुमान टीव्हीवरच्या चर्चेपुरते राहत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तालुका पातळीवरची एखादी मुलगी निर्णायक सेट हरली की कुंपणाबाहेरून शेरा येतो, ‘खेळ चांगला आहे, पण मनानं कच्ची.’ म्हणून या मताचा नीट परामर्श घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडू. पहिल्या शंभरातल्या प्रत्येक खेळाडूकडे फटके असतात, ताकद असते, प्रशिक्षक असतात. मग मूठभर लोकच वर्षानुवर्षे का जिंकतात? मोक्याच्या क्षणी त्यांचे मन डळमळत नाही म्हणून. एखाद्या स्पर्धेत नशीब हात देते, पण वीस वर्षांच्या कारकिर्दीत नशिबाची वजाबाकी होऊन जाते. उरते ते मन. सबब विजेतेपदांची बेरीज हीच मनोबलाची बेरीज. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. तरीही तो तीन ठिकाणी तुटतो.

पहिली फट टेनिसच्या गुणमोजणीतच आहे. डार्टमथ महाविद्यालयातल्या २०२४ च्या भाषणात फेडररने स्वतःच सांगितले की १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, पण एकूण गुणांपैकी जिंकले फक्त ५४ टक्के. गुणांतली एवढीशी आघाडी सामन्यांत एवढी मोठी कशी होते? साधे गणित करून पाहा. एखाद्याला प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे आणि प्रत्येक गुण आधीच्या गुणापासून स्वतंत्र आहे, असे धरा. मग गेम जिंकण्याची शक्यता ६२ टक्क्यांवर जाते, सेटची ८० टक्क्यांच्या वर आणि पाच सेटच्या सामन्याची ९५ टक्क्यांच्या आसपास. या गणितात मनोबल कुठेच धरलेले नाही. ब्रेक पॉइंटला हा खेळाडू जरासुद्धा उंचावत नाही. प्रत्येक गुण तो सारखाच खेळतो. तरी त्याच्या नावावर विजयांची रास जमते. थोडी जास्त भेदक सर्व्हिस किंवा थोडा जास्त खोल परतावा एवढ्यानेही ते घडू शकते. तेव्हा विजयांची रास पाहून ती मनानेच रचली, असे छातीठोक सांगता येत नाही.

दुसरी फट संधीची. रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकली आणि तो व्यावसायिक झाला. त्या काळी व्यावसायिकांना या स्पर्धांची दारे बंद होती. १९६३ ते १९६७ ही ऐन उमेदीची पाच वर्षे त्याला बाहेर राहावे लागले. १९६८ मध्ये दारे उघडली आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकली. त्याच्या नावावर ११ विजेतेपदे आहेत. बियॉन बोर्गच्या नावावरही ११ च, आणि तो ऑस्ट्रेलियन स्पर्धेला उभ्या आयुष्यात एकदाच, १९७४ मध्ये गेला. २४ आणि ११ यांच्यातला फरक मनातला किती आणि नियमांतला, प्रवासातला, त्या काळच्या प्रथेतला किती? नदालच्या २२ पैकी १४ विजेतेपदे रोलाँ गारोच्या लाल मातीवरची आहेत आणि विम्बल्डनच्या हिरवळीवरची दोन. मैदान बदलले की माणसाचे काळीज बदलते, असे कोणी म्हणणार नाही. बदलतो तो चेंडूचा उसळता टप्पा.

तिसरी फट सर्वांत महत्त्वाची. मनोबल हा जन्मभर एकाच मापाने बाळगायचा ऐवज आहे, हे पूर्वपक्षाने न सांगता गृहीत धरले आहे. २०२१ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत जोकोविच एकाच वर्षातल्या चारही विजेतेपदांपासून एक सामना दूर होता. तो मेदवेदेवकडून ६-४, ६-४, ६-४ असा सरळ हरला आणि सामना संपण्याआधीच टॉवेलमध्ये तोंड लपवून रडला. याना नोवोत्ना १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती, ५-१ साठी गुण हाताशी होता. तिथे दुहेरी चूक झाली आणि सेट ४-६ असा गेला. ‘दडपणाखाली कोसळणारी’ हा शिक्का तिच्यावर कायमचा बसला असे सर्वांनी धरले. १९९७ मध्ये ती पुन्हा अंतिम सामन्यात हरली. १९९८ मध्ये तिने तेच विम्बल्डन जिंकले. पाच वर्षे हा शिक्का वागवत त्याच हिरवळीवर परत परत उतरणे याला कच्चे मन म्हणायचे, तर पक्के कशाला म्हणायचे?

पूर्वपक्षाचा कैवारी इथे २०१९ चे विम्बल्डन पुढे करील, आणि ते त्याने करावेच. पाचव्या सेटमध्ये ८-७ वर फेडररकडे दोन मॅच पॉइंट होते. पूर्ण सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. तरी तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले आणि सामनाही. हा मनोबलाचा खराखुरा पुरावा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण तो कुठून मिळाला? त्या दुपारच्या नेमक्या गुणांतून. २४ या आकड्यातून नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मन पाहायचे तर क्षण पाहा. बेरीज वेगळ्या गोष्टीची आहे.

आता मंडन. मनाची तुलना करायचीच तर तीन प्रश्न विचारावेत. संधी किती होती? अटीतटीच्या गुणांवर काय केले? फटका बसल्यावर परत कसा उभा राहिला? यांची उत्तरे शोधायला विम्बल्डनला जायची गरज नाही. आपला जिल्हा पुरेसा आहे. श्रीरामपूरचा झहीर खान २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा देऊन बसला. त्याच्या ७ षटकांत ६७ धावा गेल्या. पुढे संघातली जागाही गेली. २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून कौंटी खेळला आणि ७८ बळी घेऊन परतला. २०११ च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर त्याची सुरुवातीची पाच षटके तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी अशी होती. माणूस तोच, मन मधल्या वर्षांत घडले. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे कसोटी सरासरीत ४० च्या आत आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला संघ ३६ धावांत गुंडाळला गेल्यावर, कोहली मायदेशी परतल्यावर, मेलबर्नला कर्णधार म्हणून त्याने काढलेल्या ११२ धावा कोणती सरासरी सांगते?

आणि टेनिसपटू ऋतुजा भोसले, तीही श्रीरामपूरचीच. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात तिने पहिला सेट २-६ असा गमावला. पुढचा ६-३ घेतला आणि सुपर टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्ण मिळवले. सुपर टायब्रेकमध्ये चूक भरून काढायला पुढचा सेट नसतो. एका सामन्यावरून तिला जोकोविचच्या पंक्तीला बसवावे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे पूर्वपक्षाचीच चूक उलटी करणे. पण विक्रमांच्या यादीत जिचे नाव नाही तिचे मन कमी, हे सूत्र त्या १०-४ पुढे टिकत नाही.

सिद्धान्त असा: विक्रम कौशल्य, संधी, शरीर, काळ आणि मन या सर्वांची मिळून झालेली मिळकत आहे, तिच्यातून एकट्या मनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. मनोबल प्रसंगात दिसते आणि सरावाने वाढते. म्हणून अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानापासून श्रीरामपूरपर्यंतच्या प्रशिक्षकांना आणि पालकांना माझी आग्रहाची विनंती आहे. हरलेल्या मुलावर शेरा मारू नका. वही घ्या आणि ब्रेक पॉइंट किती आले, त्यांतले किती वाचवले, कोणत्या फटक्यावर गुण गेला, ते लिहा. ३०-४० वर दुसरी सर्व्हिस जाळीत जात असेल तर सरावात तीच परिस्थिती रोज उभी करा. ज्याला आपण मनाचा कच्चेपणा म्हणतो त्यातला मोठा भाग अशा रीतीने शिकवता येतो, आणि जे शिकवता येते त्याला स्वभावदोष ठरवून मुलाला खेळातून घालवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.