हार्डिंगची थट्टा आणि रॉबिन्सची छिन्नी

प्रस्तरारोहणात पंच नसतो. कडा कोणत्या रीतीने सर केला हे तपासायला कुणी येत नाही, आणि रीत मोडली म्हणून दंडही होत नाही. त्यामुळे चढाईच्या दोन पद्धतींत वाद पेटला की आरोहकांच्या हाती दोनच मार्ग उरतात: स्वतः चढून दाखवणं किंवा समोरच्याची टर उडवणं. या दुसऱ्या मार्गाकडे करमणुकीचा भाग म्हणून पाहिलं जातं, आणि ते मला चुकीचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात वॉरन हार्डिंग आणि रॉयल रॉबिन्स यांच्यात १९५७ पासून जी चुरस चालली, तिच्यात थट्टा ही एक भक्कम वैचारिक बाजू होती. त्या थट्टेनेच रॉबिन्सच्या शुद्ध चढाईच्या, म्हणजे कातळात कमीत कमी भोकं पाडून सलग चढण्याच्या, आग्रहाला हुकूमशाही होऊ दिलं नाही.

जून १९५७ मध्ये रॉबिन्स, जेरी गॉलवस आणि माइक शेरिक यांनी हाफ डोमची वायव्य भिंत पाच दिवसांत सर केली. त्याच भिंतीवर डोळा ठेवून असलेला हार्डिंग मागच्या वाटेने माथ्यावर गेला आणि त्याने तिघांचं अभिनंदन केलं. मग तो वळला एल कॅपिटनकडे, म्हणजे सुमारे तीन हजार फुटांच्या ग्रॅनाइटच्या सलग भिंतीकडे. ‘नोज’ या मार्गावर त्याने किल्ल्याला घालावा तसा वेढा घातला. दोर बांधून ठेवायचे, खाली उतरायचं, पुन्हा वर जायचं. रुंद भेगेत बसतील असे पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायच्या धातूच्या मेखा, बाजारात नव्हते, तेव्हा बर्कलीच्या भंगारातून आणलेले जुन्या शेगडीचे पाय भेगेत ठोकण्यात आले. तो भाग आजही ‘स्टोव्हलेग’ म्हणूनच ओळखला जातो. बघ्यांच्या गर्दीने रस्ता अडू लागल्यावर उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी पर्यटनाच्या हंगामात चढाई बंद ठेवायला लावली. दीड वर्षात विखुरलेले ४५ दिवस आणि कातळात भोक पाडून ठोकलेले सव्वाशेच्या आसपास बोल्ट खर्ची पडले. शेवटच्या रात्री बाहेर झुकलेल्या कातळात हार्डिंगने हाताने २८ भोकं पाडली आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या पहाटे तो, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर माथ्यावर पोहोचले. रॉबिन्सने याला कृतीनेच उत्तर दिलं. १९६० मध्ये तिघा साथीदारांसह त्याने तोच मार्ग सलग सात दिवसांत केला. पुढच्या वर्षी टॉम फ्रॉस्ट आणि चक प्रॅट यांच्यासोबत त्याने सलाथे भिंत फक्त १३ बोल्ट वापरून सर केली. मात्र खालच्या भागात त्यांनीही दोर बांधून ठेवले होते, हे विसरता कामा नये.

नेमकी हीच गोष्ट हार्डिंगच्या विनोदाचा गाभा आहे. १३ बोल्ट चालतात आणि सव्वाशे खटकतात, तर रेघ नेमकी कुठे ओढायची, आणि ती ओढायचा अधिकार कुणाचा? हा प्रश्न त्याने निबंध लिहून विचारला नाही. शुद्धतावाद्यांना त्याने ‘व्हॅली ख्रिश्चन’ म्हणून चिडवलं. आपल्या टोळक्याला त्याने खाण्यापिण्याचं मंडळ असं थट्टेखोर नाव दिलं. कड्यावर टांगून झोपायच्या झोळीपासून हुकापर्यंत स्वतःच्या साधनांना तो ‘मूलतः हास्यास्पद तंत्रज्ञान’ म्हणे. रॉबिन्सने १९७१ मध्ये प्रस्तरारोहणाचं गंभीर पाठ्यपुस्तक काढलं. १९७५ मध्ये आलेल्या हार्डिंगच्या पुस्तकाचं नाव होतं ‘डाउनवर्ड बाउंड’, आणि त्यात ‘आउटवर्ड बाउंड’ या शिस्तप्रिय साहसी शाळेची फिरकी होती. आपण गंभीर नाही असं जाहीरपणे सांगणाऱ्या माणसाला धर्मभ्रष्ट ठरवणं अवघड असतं.

या वादाची खरी कसोटी लागली १९७० मध्ये. हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपिटनच्या ‘डॉन वॉल’वर २७ दिवस राहिले, तीनशेहून जास्त भोकं पाडली, वादळात अडकले, आणि सुटकेची तयारी झाल्यावर त्यांनी मदत साफ नाकारली. माथ्यावर पत्रकार त्यांची वाट पाहत होते. एवढी भोकं पाडायची असतील तर कुठलीच भिंत अजिंक्य राहणार नाही, ही रॉबिन्सची व्यथा खरी होती. १९७१ च्या सुरुवातीला तो डॉन लॉरियासोबत त्याच मार्गावर चढला आणि मागून येणाऱ्यांना मिळू नयेत म्हणून छिन्नीने बोल्ट उडवत निघाला. पण काही टप्प्यांनंतर त्याचा हात थांबला. मधले टप्पे अपेक्षेपेक्षा कठीण होते आणि त्यांत अव्वल कसब ओतलेलं होतं. वरचे बोल्ट त्याने तसेच ठेवले आणि ती चढाई चांगली असल्याचं पुढे मान्य केलं. माझ्या मते योसेमिटीच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे.

थट्टा ही पळवाट होती, असा आक्षेप घेता येतो. किती भोकं म्हणजे अति, याचं उत्तर हार्डिंगने कधीच दिलं नाही, आणि हे त्याच्या बाजूचं उणंच. पण उत्तर न देणारा माणूस प्रश्न जिवंत ठेवू शकतो. अशा हेटाळणीने माणसं कायमची दुरावतात, असंही म्हटलं जाईल. पण नोव्हेंबर १९६८ मध्ये हाफ डोमच्या दक्षिण भिंतीवर हार्डिंग आणि गॅलन रॉवेल वादळात गारठून पडले, तेव्हा त्यांच्यासाठी माथ्यावरून दोराने खाली उतरला तो रॉबिन्सच.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. शेवटी रॉबिन्सचाच विचार जिंकला, मग हार्डिंगच्या हसण्याला कसलं श्रेय? विचार जिंकला हे खरं, पण तो छिन्नीने जिंकला नाही. १९६७ मध्ये रॉबिन्स आणि त्याची पत्नी लिझ यांनी ‘नटक्रॅकर’ हा मार्ग पिटॉन न ठोकता केला. भेगेत हाताने अडकवायचे आणि परत काढून घ्यायचे नट त्यांनी वापरले. पिटॉन ठोकून आणि उपसून ग्रॅनाइटवर पडणारे वण तोवर सगळ्यांना दिसू लागले होते. १९७२ मध्ये पिटॉन बनवणाऱ्या इव्हॉन शुइनार्डने आपल्याच कॅटलॉगमध्ये डग रॉबिन्सनचा नटांच्या बाजूने लिहिलेला लेख छापला, आणि धंद्याचा मोठा आधार असलेले पिटॉन सोडून द्या असं ग्राहकांना सांगितलं. त्यासाठी ना बंदी घालावी लागली, ना कुणाचा मार्ग पुसावा लागला.