सी-बॉडी (जनरल मोटर्स, फ्रंट-व्हील ड्राइव्ह)

अमेरिकेतील जनरल मोटर्सने 1985च्या मॉडेलांपासून मोठ्या आलिशान मोटारींसाठी वापरलेला सामायिक प्लॅटफॉर्म. कॅडिलॅक डेव्हिल व फ्लीटवुड, ब्युइक इलेक्ट्रा आणि ओल्ड्समोबिल नाइन्टी-एट या त्यावरील प्रमुख गाड्या. अमेरिकेच्या 1975च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मोटारींची मिळून 1985पर्यंत गॅलनमागे 27.5 मैल सरासरी बंधनकारक केली होती. 1979च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल महागच होत जाणार, असा कंपनीचा अंदाज झाला. त्यामुळे वेगळ्या चासीच्या जागी एकसंध बॉडी आली, इंजिन आडवे बसले. डेव्हिलची लांबी 221 इंचांवरून 195 इंचांवर आली, तरी बसायची जागा फारशी घटली नाही, कारण कपात मुख्यतः बॉनेट आणि डिकीत झाली. अभियांत्रिकी म्हणून ही कामगिरी मोठीच आहे.

गाड्या एकसारख्या दिसतात ही टीका लगेच झाली. प्रतिस्पर्धी लिंकनने तिच्यावर जाहिरातच बेतली. मात्र याचे खापर प्लॅटफॉर्म सामायिक असण्यावर फोडणे चूक आहे. आधीची रिअर-व्हील ड्राइव्ह सी-बॉडीही याच तीन ब्रँडांची होती आणि तिच्यावरील गाड्या वेगळ्या ओळखू येत. तेव्हा प्रत्येक ब्रँडला आपले रूप घडवायला लांबलचक बॉनेट आणि डिकी मिळे. नव्या गाडीत नेमका तोच भाग आखडला. नजरेत भरू लागले ते छप्पर, काचा आणि दारे, आणि ती तिघांची जवळजवळ सारखी. कॅडिलॅकची पत 4.1 लिटर व्ही-8 इंजिनाच्या दुखण्यांमुळे घसरली, असे काही जण म्हणतात. ती दुखणी खरीच. पण ब्युइक व ओल्ड्समोबिलमध्ये हे इंजिन नव्हते, ब्युइकचे 3.8 लिटर व्ही-6 तर पुढे टिकाऊपणासाठी नावाजले, तरी सारखेपणाचा ठपका त्यांनाही चुकला नाही. सुरुवातीचा खप चांगला होता, हा दुसरा आक्षेप. त्याला कंपनीच्याच दुरुस्तीने उत्तर दिले: 1989 मध्ये चार दारी डेव्हिलचा व्हीलबेस 3 इंचांनी, एकूण लांबी त्याहून बरीच वाढवली. प्लॅटफॉर्म तोच राहिला. वाढला तो पत्रा. तोवर पेट्रोल स्वस्त झाले होते, आणि जुन्या बांधणीची लांब ब्रॉअम कॅडिलॅकने बंद केलीच नव्हती.

कारखाने : ओरायन (मिशिगन), वेंट्झव्हिल (मिझुरी).

1994च्या मॉडेलापासून डेव्हिल दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेली. नाइन्टी-एट 1996 मध्ये बंद झाली.