वर्ड फाइल, स्लाइड पीडीएफ करण्याआधी एवढं तपासा

ग्रामपंचायतीचा ठराव असो, शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रस्ताव असो की बचत गटाचं सादरीकरण, आता बहुतेक ठिकाणी पीडीएफच मागतात. वर्डची फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी दिसू शकते, पीडीएफ सगळीकडे सारखी दिसते. पण मूळ फाइलमधली चूकही तिच्यात तशीच जाते. तक्त्यातला रकमेचा रकाना कापला गेला, तर तपासणाऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून आधी मूळ फाइल नीट करा.

फॉन्ट
सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ दिसायला बरोबर आली, तरी त्यात नाव शोधलं तर सापडत नाही. त्यामुळे टायपिंग युनिकोडमध्येच करा. मंगल, निर्मला यूआय, कोकिळा हे युनिकोड फॉन्ट आहेत. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलला असेल तर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला.

पीडीएफ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स' वर टिक करा.

पानं आणि तक्ते
- कागद ए४ (२१० × २९७ मिमी) ठेवा. काही कॉम्प्युटरवर आधीपासून 'लेटर' असतो, त्यात पानं सरकतात.
- नवीन पानासाठी सारखं एंटर मारू नका, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा.
- रुंद तक्त्याचं पान आडवं करा. एक्सेलमध्ये सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत बसवा.
- दुरुस्तीच्या लाल खुणा आणि कॉमेंट काढा, नाहीतर त्याही छापून येतात.

स्लाइड
पीडीएफमध्ये ॲनिमेशन चालत नाही आणि व्हिडिओचं नुसतं चित्र उरतं. ॲनिमेशनसाठी एकावर एक ठेवलेला मजकूर एकमेकांत मिसळून दिसतो. तो वेगवेगळ्या स्लाइडवर घ्या. लपवलेल्या स्लाइड जातायत का, तेही बघा. मोबाइलचे मोठे फोटो 'कॉम्प्रेस पिक्चर्स'ने हलके करा. पण सातबारा किंवा शिक्का वाचता येईल एवढाच आकार कमी करा.

पीडीएफ करताना
'प्रिंट टू पीडीएफ'पेक्षा 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ निवडा. प्रिंटमधून केलेल्या फाइलमध्ये लिंक सहसा चालत नाहीत.

तयार झालेली फाइल पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. पानांची संख्या, गट नंबर, रक्कम, सहीची जागा आणि ₹ चं चिन्ह तपासा. आणि मूळ वर्ड फाइल पुसू नका. त्रुटी निघाली तर दुरुस्ती तिच्यातच करावी लागते.