एकाच आठवड्याच्या दोन किमती

ऑरलँडोतल्या आमच्या कचेरीत टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरातल्या दरवर्षीच्या एकेका आठवड्याच्या हक्काची, खरेदीखतं होतात. माझ्या टेबलावर येतात ती बहुतेक रीसेलची, म्हणजे आधीच्या मालकाने विकायला काढलेली. घेणाऱ्याचा प्रश्न ठरलेला: "कंपनीकडून घेतलं असतं तर कितीतरी महाग पडलं असतं म्हणे. मग यात खोट कुठे आहे?" याचं उत्तर द्यायचं तर साठ वर्षं मागे जावं लागतं, आणि क्लोजिंगच्या घाईत तेवढी सवड कुणाला नसते.

1963 साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. लोकांनी तिचे शेअर घ्यायचे, कंपनीने त्या पैशातून सुट्टीच्या ठिकाणी घरं घ्यायची आणि भागधारकांनी तिथे पाळीपाळीने राहायचं. फ्रेंच आल्प्समध्येही त्याच दशकात असेच प्रयोग झाले. फ्लोरिडात मात्र ही कल्पना शिरली ती अडचणीतून. 1973 मध्ये तेल महागलं, मंदी आली. बिल्डरांनी समुद्रकाठी बांधून ठेवलेले फ्लॅट पडून राहिले आणि डोक्यावर कर्जाचं व्याज चढत गेलं. अख्खा फ्लॅट कुणी घेईना, म्हणून त्याचे आठवडे पाडून विकायला काढले. सॅनिबेल बेटावर सत्तरच्या दशकाच्या मध्यात असे आठवडे चक्क मालकी हक्काने विकले गेले. घराचं खत नोंदवतात तसंच आठवड्याचंही खत काउंटीच्या दप्तरी नोंदवायचं. माझं पोट त्यावरच चालतं.

पण या युक्तीत एक खर्च दडलेला होता. फ्लॅट विकायला एक गिऱ्हाईक पुरतं. आठवडे विकायचे तर एका फ्लॅटमागे पन्नासेक कुटुंबं शोधायला हवीत. त्यांना फुकट नाश्ता द्यायचा, थीम पार्कची तिकिटं द्यायची, दीड तासाच्या बोलीवर बसवून दुपार करायची. शिवाय विकणाऱ्याचं कमिशन. हे सगळं आठवड्याच्या किमतीत चढतं आणि सही होताच विरून जातं. पुढच्या घेणाऱ्याने ते का भरावं? तो तर नाश्त्याला नव्हता! म्हणूनच जुन्या रिसॉर्टमधले ठरावीक आठवडे एकेका डॉलरला गेलेले मी पाहिले आहेत. फ्लोरिडात मुद्रांक कर दर शंभर डॉलरला किंवा त्याच्या भागाला सत्तर सेंट. म्हणजे डॉलरभराच्या खरेदीवरही सत्तर सेंट लागतातच. विकणाऱ्याला पैसे नकोच असतात, दरवर्षीचा मेंटेनन्स अंगावरून उतरवायचा असतो.

1974 मध्ये इंडियानापोलिसच्या डीहान दांपत्याने आरसीआय ही कंपनी काढली आणि आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घेण्याची सोय झाली. विक्रेत्यांच्या हाती आयतं वाक्य आलं: फ्लोरिडात घ्या, जगभर फिरा. तक्रारी वाढल्या तसे कायदेही आले. फ्लोरिडाच्या 1981 च्या कायद्याचा आजही मोठा आधार आहे. कंपनीकडून घेतलेला टाइमशेअर सहीनंतर दहा दिवसांत विनाकारण परत करता येतो. रीसेलचा बाजार बराच काळ मोकाटच होता. "गिऱ्हाईक तयार आहे, आधी फी भरा" असे फोन करून अडलेल्या मालकांना लुटणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या, तेव्हा 2012 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

1991 मध्ये डिस्ने या धंद्यात उतरली. आठवड्याऐवजी पॉइंट आणि मुदतीचा हक्क. पहिल्या रिसॉर्टची, ओल्ड की वेस्टची, मूळ खतं 31 जानेवारी 2042 ला संपतात. त्यात एक अटही घातली: मालक विकायला निघाला की ठरलेल्या भावात ते घेण्याचा पहिला हक्क कंपनीचा. सौदा फार स्वस्तात ठरला तर कंपनीच तो उचलू शकते, त्यामुळे भाव कोसळत नाही. हे मला पटतं. पुढचं पटत नाही. 2011 पासून रीसेलचे पॉइंट डिस्नेच्या क्रूझला चालेनासे झाले. 19 जानेवारी 2019 नंतर जुन्या चौदा रिसॉर्टपैकी एखादं रीसेलने घेतलं, तर त्या पॉइंटांवर डिस्नेच्या नव्या रिव्हिएरा रिसॉर्टमध्ये पाऊल ठेवता येत नाही. आणि रिव्हिएराच रीसेलने घेतलं, तर दुसरीकडे कुठेच जाता येत नाही. आमच्या गावाकडे विहिरीतली पाण्याची पाळी जमिनीबरोबर विकली जायची. पाळी विकत घेतलेली आहे म्हणून तुझ्या मोटेला निम्मंच पाणी, असं कुणी म्हटलं असतं तर पंचांनी त्याला हाकलून दिलं असतं.

न्यू जर्सीहून मराठी कुटुंबं येतात, आईवडिलांना घेऊन, नाताळच्या सुट्टीत. त्यांना ओल्ड की वेस्टसारखं ऐसपैस जुनं रिसॉर्ट हवं असतं, शेगडीसकट, म्हणजे आजीचा वरणभात चुकत नाही. आपल्या रिसॉर्टचं आरक्षण अकरा महिने आधी करता येतं, इतरांना तिथे सात महिने आधीच मिळतं; हा हक्क रीसेलबरोबर तसाच येतो. मेंटेनन्सही कंपनीकडून घेणाऱ्याला आणि रीसेलने घेणाऱ्याला सारखाच. त्यांना मी बेलाशक रीसेल घ्या म्हणते, फक्त 2042 ला मुलं केवढी असतील ते आधी मोजा. रिव्हिएरा घेऊन इतर रिसॉर्टमध्येही जायचं म्हणणाऱ्याला कंपनीकडे जावं लागेल. पण उद्या ते विकायला काढलं की घेणाऱ्याच्या हाती फक्त रिव्हिएराच पडणार, आणि तो भाव त्याच हिशेबाने करणार, हे त्याला नाश्त्याच्या टेबलावर कुणी सांगत नाही.