अन्नातील अळ्या आणि आंत्र मायासिस

माशांच्या अळ्या माणसाच्या अथवा प्राण्याच्या शरीरात वाढू लागल्या, तर त्या विकारास ‘मायासिस’ म्हणतात. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक विल्यम होप यांनी १८४० मध्ये ‘माशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ही संज्ञा रूढ केली. दूषित अन्नपाण्यावाटे अंडी वा अळ्या पोटात गेल्याने उद्भवणारा प्रकार म्हणजे आंत्र मायासिस होय.

उघड्या अन्नावर घरमाशी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उष्ण हवेत ती दिवसभरातच फुटतात. मांसमाशी तर अंड्यांऐवजी बहुधा जिवंत अळ्याच सोडते. उंदराच्या शेपटीसारखी लांब श्वासनळी असलेली एरिस्टॅलिस माशीची अळी मात्र घाण, साचलेल्या पाण्यात वाढते.

गिळलेल्या बहुतेक अळ्या जठरातच मरतात. केवळ मानवी आतड्यावर जगणारी माशीची एकही जात ज्ञात नाही. म्हणूनच अनेक तज्ज्ञ यास खरा संसर्ग न मानता ‘आभासी मायासिस’ म्हणतात. चीजमाशीची सुमारे ८ मिलिमीटर लांबीची अळी या बाबतीत विशेष चिवट असून ती जठरातूनही जिवंत पुढे जाऊ शकते. इटलीतील सार्डिनिया बेटावर मेंढीच्या दुधाचे ‘कासू मार्झू’ हे चीज या जिवंत अळ्यांसह आवडीने खाल्ले जाते. त्याच्या विक्रीस तेथे बंदी आहे.

अनेक रुग्णांत कोणतीही लक्षणे नसतात. काहींना पोटदुखी, मळमळ, उलट्या किंवा जुलाब होतात. खरी अडचण निदानाची आहे. शौचात हलणारी अळी दिसताच ती जंत समजून जंतनाशक गोळ्या घेतल्या जातात. परंतु जंत हा कृमी आहे, अळी हे कीटकाचे पिल्लू. शिवाय शौचानंतर उघड्या राहिलेल्या विष्ठेवर किंवा अस्वच्छ भांड्यातही माशी अंडी घालते आणि पोटात अळ्या नसतानाही रुग्ण धास्तावतो. त्यामुळे स्वच्छ, झाकणबंद डबीतील ताजा नमुना, तोही एकापेक्षा अधिक वेळा तपासणे आवश्यक ठरते. अळीच्या मागील टोकाकडील श्वासरंध्रांच्या रचनेवरून सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात ओळखता येते. त्यासाठी अळी फेकून न देता ७० टक्के अल्कोहोलमध्ये जतन करून प्रयोगशाळेकडे द्यावी. दूषित अन्न थांबताच बहुतेक अळ्या आपोआप बाहेर पडतात. क्वचित सारक किंवा अन्य औषध द्यावे लागते.